परकायाप्रवेश : प्रवेश विनामूल्य

नाटकाचं परीक्षण लिहिणाऱ्याला पहिल्या रांगेचा पास मिळतो आणि मध्यंतरात बटाटेवडा. मला आजवर कोणी पास दिलेला नाही, आणि वडा मी स्वतःच्या पैशानं खात आलो आहे. पण फुकट मिळालेल्या वस्तूवर परखड टीका करण्याची माझी हौस जुनी आहे. त्यात मी पडलो कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. बावीस वर्षं खिडकीमागे बसून मी एकच विद्या शिकलो. 'विनामूल्य' हा शब्द दिसला की चष्मा पुसायचा आणि खालची बारीक अक्षरं वाचायची.

तेव्हा वाचकहो, आज परीक्षणासाठी घेतलेली कलाकृती म्हणजे एका जागी बसून दुसऱ्या जागच्या कॉम्प्युटरमध्ये शिरण्याची सोय. सरकारी मराठीत हिला 'दूरस्थ प्रवेश' म्हणत असावेत. ऐकल्यावर सासुरवाडीची आठवण होते. आमचे चिरंजीव हिला 'रिमोट' म्हणतात. मी 'परकायाप्रवेश' म्हणतो, आणि त्याला कारण आहे.

पण आधी कथानक.

आमचे अण्णा वाईला एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर. बत्तीस वर्षं हायस्कुलात मराठी शिकवलं, त्यामुळे अजून बिलावरच्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून मगच पैसे भरतात. आई गेल्याला चार वर्षं झाली. डोंबिवलीला या म्हटलं तर म्हणतात, "तुमच्याकडे कृष्णा नाही." त्यांना विरंगुळा म्हणून चिरंजीवांचा जुना कॉम्प्युटर नेऊन बसवला. त्यावर ते शाळेच्या आठवणी लिहितात. आणि रोज रात्री आठ वाजता मला फोन करतात.

"बंडू, सगळं आडवं झालंय."

"काय आडवं झालंय?"

"सगळंच. मी मान वाकडी करून वाचतोय. आता मानही दुखायला लागली."

"थांबा. खाली उजव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"देवघर."

"अहो, पडद्यावर!"

"पडद्यावर फुलं आहेत. तुझ्या आईनं भरतकाम केलेला आहे तो."

असे तीन महिने गेले. एके दिवशी चाळीस मिनिटं बोलल्यावर लक्षात आलं की अण्णा कॉम्प्युटरसमोर नाहीत, ओट्यापाशी दूध तापत ठेवून बोलताहेत. त्या रात्री सौ. म्हणाली, "अहो, तुमचा घसा बसेल. तुम्हीच का नाही त्यात शिरत?" ती चिडून बोलली होती. चिरंजीवांनी मोबाइलमधून मान वर न काढता सांगितलं, "फुकट शिरता येतं, बाबा."

आता पूर्वपीठिका. ही कल्पना नवी मुळीच नाही. हस्तिनापुरात बसून कुरुक्षेत्र पाहणारा संजय हा या धंद्यातला आद्य पुरुष. पण त्याला नुसतं पाहण्याची परवानगी होती, हात लावण्याची नव्हती. हात लावण्याची परवानगी असलेलं उदाहरण म्हणजे आद्य शंकराचार्य. कथा सांगते की ते अमरू राजाच्या देहात शिरले आणि आपला देह शिष्यांच्या राखणीला ठेवून गेले. इकडे राजाच्या मंत्र्यांना संशय आला आणि त्यांनी बेवारस देह जाळण्याचा हुकूम सोडला. म्हणजे दुसऱ्याकडे शिरायचं असेल तर दोन्हीकडची व्यवस्था पाहावी लागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

अर्वाचीन काळात हा उद्योग कॉफीवरून सुरू झाला म्हटलं तरी चालेल. १९९१ साली केंब्रिजच्या संगणक प्रयोगशाळेत विद्वान मंडळी जिने चढून कॉफीच्या भांड्यापर्यंत जात आणि भांडं रिकामं! आपल्याकडे असं झालं असतं तर शिपायावर ओरडून विषय संपला असता. त्यांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि जागेवर बसून कॉफी आहे की नाही हे पडद्यावर पाहू लागले. त्या कामात हात असलेले क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर पुढे केंब्रिजमधल्याच ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत 'व्हीएनसी' बनवणाऱ्या चमूत होते. एका यंत्राचा पडदा दुसऱ्या यंत्रावर दाखवायचा आणि इकडची बोटं तिकडं चालवायची, असा तो प्रोग्राम. तोही फुकट वाटला.

आज रंगभूमीवर नटसंच मोठा आहे. विंडोजच्या पोटात हा प्रयोग आधीपासूनच आहे, पण घरगुती ग्राहकाला जी आवृत्ती मिळते तिचं नाव 'होम' आणि नेमका तिच्यातच पाहुणा घरात घेता येत नाही. पाहुणचारासाठी 'प्रो' लागते. नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण त्याला मुंबईच्या जागेचा अनुभव असावा. 'टीमव्ह्यूअर' आणि 'एनीडेस्क' हे दोघे जर्मन, पहिला २००५ सालचा, दुसरा २०१४ चा. दोघेही खासगी वापराला फुकट. 'रस्टडेस्क'ची घडण सगळ्यांना खुली, हवं तर मधलं ऑफिससुद्धा आपलं आपण थाटावं. आणि 'क्रोम रिमोट डेस्कटॉप' हा गूगलचा. त्यात गूगलचं खातं लागतं आणि कमीत कमी सहा आकड्यांचा पिन.

हे चालतं कसं, असं मी चिरंजीवांना विचारलं. ते इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असल्यामुळे त्यांनी जे सांगितलं त्यातला एकही शब्द मला कळला नाही. मग मी ते सोसायटीच्या भाषेत मांडून घेतलं. घरातला कॉम्प्युटर म्हणजे सोसायटीतला भाडेकरू. बाहेरच्या जगाला फक्त सोसायटीचा पत्ता ठाऊक, फ्लॅट नंबर नाही. गेटवर राऊटर नावाचा वॉचमन. तो अनोळखी माणसाला आत सोडत नाही, पण आतल्यानं स्वतः बाहेर फोन केला तर अडवत नाही. म्हणून भाडेकरू आतून कंपनीच्या मधल्या ऑफिसात फोन लावून बसतो. मीही त्याच ऑफिसात फोन करतो. ते आमची गाठ घालून देतं, जमलं तर दोघांना थेट बोलू देतं, न जमलं तर निरोप पोचवत राहतं. वधूवरसूचक मंडळच म्हणा ना.

मी प्रथम एका कंपनीचा फुकट प्रोग्राम घेतला. तीन आठवडे सुरळीत गेले. मग एके दिवशी पडद्यावर आरोपपत्र आलं की तुमचा वापर व्यापारी स्वरूपाचा दिसतो, आणि पाच मिनिटांत संबंध तुटला. मी कॉमर्सचा पदवीधर आहे हे त्यांना कसं कळलं, हा मला आजही न सुटलेला प्रश्न आहे. नंतर दुसऱ्या एका कंपनीचा घेतला. नावं दोन्हींची सांगत नाही. बँकेतला माणूस खातेदाराचं नाव फोडत नसतो.

या दुसऱ्याची रीत अशी : अण्णांनी प्रोग्राम उघडायचा, पडद्यावर आलेला आकडा मला फोनवर वाचून दाखवायचा, मी तो इकडे टाकला की तिकडे प्रश्न उमटतो, 'येऊ देऊ का?' अण्णांनी 'हो' दाबायचं. मला ही रीत फार सभ्य वाटली. घर त्यांचं, कडीही त्यांच्याच हातात. अण्णांकडून मी ती पाढ्यासारखी घोटून घेतली. फोन आला की आकडा वाचायचा, प्रश्न आला की हो म्हणायचं. ते शिक्षक असल्यामुळे उत्तम विद्यार्थी निघाले.

पहिला प्रवेश मी कधी विसरणार नाही. डोंबिवलीच्या पडद्यावर वाईचा पडदा आला. मेणवलीच्या घाटाचा फोटो, त्यावर पेरूच्या बिया पडाव्यात तशा विखुरलेल्या फायली. आत जाऊन एकदम वस्तूंना हात कसा लावायचा, म्हणून मी माझा बाण दोनदा गोल फिरवला. उगीचच. ढोल्या गणपतीला आपण जाता जाता प्रदक्षिणा घालतो तसा.

फोनवर अण्णा म्हणाले, "आलास वाटतं."

तेव्हापासून तो रिवाज पडला. मी शिरलो की दोन फेऱ्या. मग अण्णा एका कोऱ्या पानावर लिहीत, 'ये. चहा झाला का?' मी खाली लिही, 'झाला.' लगेच ते माझ्या 'झाला'च्या पुढं राहून गेलेला पूर्णविराम देत. फोन बंद करून आम्ही असे लिहून लिहून बोलायचो. समोरासमोर बसलो तर आमची तीन वाक्यांत बोलणी संपतात, पण या कोऱ्या पानावर अण्णा आईबद्दलसुद्धा बोलले. पुढं कळलं की मी येणार म्हणून ते बंडी काढून सदरा घालून बसत. कॅमेरा नाही, मला तुम्ही दिसत नाही, असं सांगितलं तर म्हणाले, "तुला दिसत नसेन. पण कोणी यायचं म्हणजे काही रीत आहे की नाही?"

इथवर परीक्षक प्रसन्न आहे. चित्र कधी थांबतं, मराठी अक्षरं इकडून टाकली की तिकडे कधी चौकोन उमटतात, आणि दोघांनी एकदम बाण ओढला की बैलगाडीच्या दोन बैलांची दोन दिशांना जाण्याची आठवण होते. हे किरकोळ दोष. मोठा दोष असा की तिकडचा कॉम्प्युटर झोपला तर शंकराचार्य जातील कुठे? काही वेळानं आपोआप झोपी जाण्याची त्याची सवय आधी मोडावी लागते. आणि वीज गेली तर मधलं मंडळही काही करू शकत नाही.

दुसऱ्या अंकात मात्र नाटक बदललं.

गेल्या भाद्रपदात अण्णांचा रात्रीचा फोन बंद झाला. मी केला तर म्हणत, "आज काही अडलं नाही." आठ दिवस काहीच अडलं नाही! ज्या माणसाचा पडदा आठवड्यातून दोनदा आडवा होतो, त्याचं आठ दिवस काही अडू नये? मी घरात प्रोग्रामला नावं ठेवत हिंडत होतो. नवव्या दिवशी वीजबिल छापायचं म्हणून त्यांनी नाइलाजानं आकडा वाचला. पण वाचण्यापूर्वी विचारलं, "तूच ना?"

आत गेलो. दोन फेऱ्या मारल्या. कोऱ्या पानावर 'ये' आलं नाही. आणि घाटाच्या पायरीवर एक नवी फाइल दिसली. तिचं नाव होतं, 'बंडूस कळवू नये'.

वाचकहो, बावीस वर्षांत हजारो लोकांच्या शिलका मी पाहिल्या, आणि एकाही शेजाऱ्याची शिल्लक सौ.ला सांगितली नाही. तिनं जंगजंग पछाडलं तरी नाही. पण त्या रात्री माझा बाण त्या फायलीवर जाऊन उभा राहिला. दोनदा टिचकी मारायचा अवकाश होता. दवाखान्याचा कागद असेल? कर्ज काढलं असेल? आणि मजा पाहा, तिकडे अण्णांना माझा बाण कुठं उभा आहे ते दिसत होतं. दोघंही गप्प. मी बाण हलवला, वीजबिल छापलं, आणि पुढच्या दुसऱ्या शनिवारी सकाळच्या एसटीनं वाई गाठली.

जेवण झाल्यावर अण्णांनी स्वतःच फाइल उघडून दिली. स्वच्छ, परिच्छेद पाडून लिहिलेलं निवेदन. एका दुपारी फोन आला. मी तुमच्या बँकेतून बोलतोय, तुमची केवायसी संपली, खातं संध्याकाळी बंद होईल. घाबरू नका, मी इथूनच करून देतो, तो प्रोग्राम उघडा आणि आकडा वाचा. अण्णांनी आकडा वाचला. प्रश्न आला, त्यांनी 'हो' दाबलं. मी घोटून घेतलेला पाढा एका अक्षरानं न चुकता त्यांनी म्हटला. तो म्हणाला, आता खात्याचं पान उघडा आणि पासवर्ड टाका. त्यांनी पाच अक्षरं टाकली.

"मग?" मी विचारलं. घसा कोरडा पडला होता.

"मग थांबलो. म्हटलं, याचा बाण फिरला कसा नाही? शिरला तो तडक पैशांपाशी जाऊन उभा राहिला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. आपल्याकडचा माणूस असा घुसत नाही. सरळ वायर उपटली."

पैसे वाचले होते. पण आठ दिवस हा माणूस, ज्यानं दोन पिढ्यांना अर्थाचे अनर्थ शिकवले, एकटा घरात आपल्याच मूर्खपणाला गुण देत बसला होता. मी विचारलं, "अण्णा, अनोळखी माणसाला आकडा सांगितलात तरी कसा?"

ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तो बँकेतला म्हणाला. तूही बँकेतलाच."

फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं असल्याच एका अ‍ॅपच्या आडून होणाऱ्या लबाडीबद्दल बँकांना सावध केलं होतं. तो कागद आमच्या शाखेत माझ्याच टेबलावरून पुढं गेला. त्यावर मी 'वाचले' असं लिहून सही केली होती. खिडकीवर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला मी बजावतो की आकडा कोणाला सांगू नका. आणि घरी माझ्या म्हाताऱ्याला रोज आठ वाजता आकडा सांगायची तालीम देत होतो!

त्या दुपारी मी आधी माझ्या मोबाइलवरून पासवर्ड बदलला, तो प्रोग्राम मुळासकट काढला, १९३० या सरकारी नंबरवर आणि अण्णांच्या बँकेत वर्दी दिली. मग शांतपणे विचार केला, आणि टीकाकार म्हणून माझं मत उलटं झालं. आकडा वाचून घेणारी जी रीत मला सभ्य वाटली होती, ती थोड्या वेळाच्या कामाला, दोन जाणत्या माणसांत ठीक. क्रोमच्या प्रयोगातही ती आहे, बारा आकड्यांचा संकेत, पाच मिनिटांत शिळा होणारा. पण म्हाताऱ्या माणसाला रोजची सवय लावायला ती वाईट. कारण प्रोग्रामला मुलगा आणि चोर यांतला फरक कळत नाही. दोघंही फोनच करतात, दोघंही गोडच बोलतात. किंबहुना चोर जास्त गोड बोलतो.

म्हणून आता क्रोमचीच दुसरी रीत लावली आहे, कायमच्या प्रवेशाची. कॉम्प्युटर एका खात्याला बांधलेला, त्या खात्याला दुहेरी कुलूप, आणि वर पिन. अण्णांनी काही वाचायचं नाही, कशाला हो म्हणायचं नाही. त्यामुळे नियम अगदी सोपा झाला : आकडा कोणालाही सांगायचा नाही, मी मागितला तरी नाही. मागितला तर तो मी नव्हेच. पिन अण्णांनी स्वतः निवडला आणि रिकाम्या घरात माझ्या कानाशी लागून सांगितला. प्रोग्रामनं कॉम्प्युटरचं नाव विचारलं, तर त्यांनी 'ओसरी' असं टाकलं.

"पाहुणा ओसरीपर्यंत," ते म्हणाले. "माजघरात नाही."

या रीतीचा दोषही नोंदवतो. आता मला त्यांच्या परवानगीवाचून केव्हाही शिरता येतं. वडील देवळात गेले असताना मुलानं त्यांची कागदपत्रं चाळावीत असं हे. त्यावर प्रोग्राममध्ये इलाज नाही, तो आपल्याकडेच शोधावा लागतो. मी आधी फोन करतो. आणि शिरल्यावर दोन फेऱ्या घालतो. चिरंजीवांना हा वेळेचा अपव्यय वाटतो.

एकूण प्रयोग पाहण्यासारखा. घडण चोख, तिकीट नाही, दूरचा माणूस जवळ आल्याचा भास बरा साधला आहे. उणीव म्हणाल तर एक राहिली. परवा मी ओसरीवरून अण्णांच्या आठवणींचं पहिलं प्रकरण छापायला लावलं. सतरा पानं. कोऱ्या पानावर अण्णांनी लिहिलं, 'यंत्र कुरकुरते आहे. कागद संपला असावा.'

मी लिहिलं, 'ट्रेमध्ये घाला.'

'मला घालता येत नाही', त्यांनी लिहिलं, आणि खाली नव्या ओळीवर, 'दुसरा शनिवार कधी आहे?'

अण्णांना कागद घालता येतो. दिवाळीत मीच शिकवला होता, आणि ते उत्तम विद्यार्थी आहेत हे मी वर सांगितलंच आहे. पण डोंबिवलीहून वाईच्या प्रिंटरमध्ये कागद घालण्याची सोय अजून कोणत्याच कंपनीनं काढलेली नाही, फुकट किंवा विकत. शनिवारच्या एसटीचं आरक्षण केलं आहे. ज्येष्ठ नागरिकांप्रमाणे कारकुनांना मात्र तिकिटात सवलत नाही.